रीळ उघडताना

मासे पकडायच्या गळाच्या काठीला लावतात ते जुनं स्पिनिंग रीळ हातात आलं की माणूस आधी हँडल फिरवून बघतो. ते जड लागतं, मधेच अडखळतं, आणि निकाल लागतो: गिअर गेले. मी आजवर जी रिळं उघडली त्यात गिअर खरोखरच गेलेली फार थोडी निघाली. आत असतं ते वाळलेलं ग्रीस. ग्रीस म्हणजे तेल आणि त्या तेलाला धरून ठेवणारा साबण. रीळ वर्षानुवर्षं पडून राहिलं की तेल थोडं निथळून जातं, थोडं हवेने चिकट होतं, आणि दात्यांच्या फटीत उरतो एक तपकिरी थर, जो नखाने खरवडावा लागतो. त्याला वासही असतो, जुन्या शिवणयंत्राचं झाकण उघडल्यावर येतो तसा. रीळ मोडलेलं नसतं, फक्त थांबलेलं असतं. तरीही ते टाकून दिलं जातं किंवा शोभेला कपाटात जातं, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

त्याहून जास्त वाईट वाटतं ते 'नवं केलेलं' जुनं रीळ बघून. रंग खरवडून नवा मारलेला, पितळ आरशागत घासलेलं, स्क्रू सगळे चकचकीत, आणि आत मात्र तेच वाळलेलं ग्रीस. दुरुस्ती आणि सजावट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रिळाला काम परत द्यायचं, वय मात्र काढून घ्यायचं नाही, या मताशी मी ठाम आहे. रीळ उघडून बसलं की दर पाच मिनिटांनी हाच प्रश्न पुढे येतो: हे काढायचं की राहू द्यायचं?

माझ्या टेबलावर सध्या मिचेल ३०० आहे. काळं, डाव्या हाताने फिरवायचं, हँडल दुमडणारं फ्रेंच रीळ. ज्यांनी गळ टाकायला विसाव्या शतकाच्या मधल्या दशकांत सुरुवात केली, त्यांच्यापैकी असंख्य लोकांचं हे पहिलं रीळ. ते फ्रान्समधल्या क्लूझ नावाच्या गावात, कार्पानो अँड पाँस या कारखान्यात बनत असे. क्लूझ हे आल्प्सच्या कुशीतलं घड्याळजींचं गाव. तिथे घड्याळ बनवण्याची शाळा १८४८ मध्ये निघाली. ही माहिती मला रीळ पहिल्यांदा उघडल्यानंतर कळली, आणि मग आत पाहिलेलं बरंच काही एकदम समजलं. बाजूचं झाकण काढलं की आतली मांडणी बघणाऱ्याला गोंधळात टाकत नाही. प्रत्येक चाक आपापल्या खुंटीवर, उचललं की निघतं, ठेवलं की बसतं. ज्याने हे आखलं त्याला ठाऊक होतं की एक दिवस कुणीतरी हे उघडणार आहे.

या जातीच्या रिळाची मूळ कल्पना याहून जुनी. साध्या रिळात गळ फेकताना स्पूल, म्हणजे लाइन (गळाचा दोरा) गुंडाळलेली चकरी, फिरतं. हलकं आमिष असेल तर त्या स्पूलला फिरवण्याइतकाही जोर त्यात नसतो, आणि स्पूल जास्त वेगात गेलं तर लाइनचा गुंता होतो. स्कॉटलंडमधल्या पर्थच्या पीटर मॅलक यांनी १८८४ च्या सुमारास असं रीळ काढलं की फेकताना ते काटकोनात वळवायचं, म्हणजे लाइन स्पूलच्या कडेवरून सुटत जाते आणि स्पूल जागचं हलत नाही. परत गुंडाळताना पुन्हा सरळ करायचं. त्यात लाइनला पीळ पडायचा, पण वाट दिसली होती. पुढे इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्डचे आल्फ्रेड इलिंगवर्थ यांनी १९०५ मध्ये पेटंट घेतलं ते खऱ्या अर्थाने स्थिर स्पूलच्या रिळाचं. ते कापड-गिरणीच्या धंद्यातले. गिरणीत बॉबिन उभी असते आणि सूत तिच्या टोकावरून सर्रकन उलगडत जातं, हे त्यांच्या रोजच्या नजरेसमोरचं. मासेमारीचा प्रश्न गिरणीतल्या माणसाने सोडवला याचं मला नेहमी अप्रूप वाटतं.

लाइन परत गुंडाळायला स्पूलभोवती काहीतरी फिरायला हवं. सुरुवातीला तो एक साधा आकडा होता, लाइन बोटाने उचलून त्यात अडकवावी लागे. मग तारेची पूर्ण कमान आली, जिला सगळे बेल म्हणतात. हार्डी कंपनीच्या आल्टेक्स रिळावर ती १९३२ पासून दिसते. हँडल फिरवलं की कमान आपोआप मिटते आणि लाइन पकडते. आणि १९३८ मध्ये अमेरिकेच्या ड्यू पाँट कंपनीने नायलॉन जाहीर केलं. त्याआधीची रेशमी लाइन दर वेळी काढून वाळवावी लागे, नाहीतर कुजायची. नायलॉनचा एकेरी तंगूस आला आणि स्थिर स्पूलच्या रिळाला त्याची जोडी मिळाली. युद्ध संपल्यावर ही रिळं जगभर पसरली ती या जोडीमुळे.

आता कामाकडे वळते.

सर्वांत आधी स्क्रू-ड्रायव्हर. यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण जुन्या रिळांचं सर्वाधिक नुकसान गंजाने नाही तर चुकीच्या स्क्रू-ड्रायव्हरने झालेलं आहे. बाजारात मिळणाऱ्या नेहमीच्या स्क्रू-ड्रायव्हरचं टोक पाचरीसारखं निमुळतं असतं. ते खाचेच्या फक्त वरच्या कडेला टेकतं. जोर दिला की वर सरकतं आणि खाचेचे काठ उचकटतात. जुन्या रिळाच्या स्क्रूला खाच अरुंद आणि भिंती सरळ उभ्या. त्याला टोक समांतर हवं, खाचेच्या तळापर्यंत पोचणारं, जाडीने घट्ट आणि रुंदीने स्क्रूच्या डोक्याएवढं. बंदुकांची कामं करणारे असं टोक वापरतात. मी साधी टोकं बारीक कानशीने घासून एकेका स्क्रूसाठी बसवून घेतली आहेत. ज्या रिळाच्या सगळ्या खाचा शाबूत आहेत ते रीळ याआधी एकतर उघडलेलं नसतं किंवा जाणत्याने उघडलेलं असतं. दोन्ही गोष्टी चांगल्याच.

स्क्रू निघत नसेल तर थांबायचं. रिळाचं अंग ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचं, स्क्रू पोलादाचा किंवा पितळेचा. खाऱ्या पाण्याचा थोडा ओलावा पोचला की दोन धातूंमध्ये बॅटरीसारखीच क्रिया सुरू होते आणि त्यात झिजतं ते ॲल्युमिनियम. आट्यांमध्ये पांढरी भुकटी साचते, ती मूळ धातूपेक्षा जास्त जागा घेते आणि स्क्रू आवळून धरते. अशा वेळी आत झिरपणारं तेल लावून रात्रभर ठेवायचं. तरी हलला नाही तर स्क्रूच्या डोक्यावर तापलेल्या सोल्डरिंग आयर्नचं टोक धरायचं. तापमान एक अंशाने वाढलं की ॲल्युमिनियम मीटरमागे साधारण २३ मायक्रोमीटर वाढतं, पोलाद साधारण १२. म्हणजे भोक स्क्रूपेक्षा जास्त रुंदावतं. हा फरक केसाच्या जाडीहून कितीतरी लहान आहे, पण भुकटीची पकड मोडायला तेवढा पुरतो. तापवायचं, निवू द्यायचं, पुन्हा तेल, पुन्हा तापवायचं. स्क्रू सुटतो तेव्हा एक बारीक 'टक्' हाताला जाणवते. आवाज कानाला येतोच असं नाही.

एकेक भाग काढताना फोटो काढत जाते आणि निघालेले भाग पांढऱ्या कापडावर त्याच क्रमाने, त्याच बाजूने वर करून मांडते. यात कंटाळा करू नये. वॉशर वरवर दोन्ही बाजूंनी सारखे दिसतात, पण एका बाजूला झिजेची कडी असते आणि ती बाजू इतकी वर्षं ज्या भागाला टेकलेली होती त्यालाच परत टेकली पाहिजे. गिअरचंही तेच. मोठं चाक आणि पिनियन, म्हणजे त्याच्यात अडकणारं लहान दातेरी चाक, एकमेकांवर घासून घासून जुळलेले असतात. त्यातलं एक बदलून नवं कोरं टाकलं तर रीळ गुळगुळीत व्हायच्या ऐवजी कुरकुरायला लागतं. बदलायचंच झालं तर जोडी बदलावी, आणि शक्यतो बदलूच नये.

धुण्यासाठी रॉकेल किंवा तारपिनाला पर्याय म्हणून रंगात वापरतात तो पातळ द्राव पुरतो. धातूचे भाग त्यात भिजत ठेवायचे, मग जुन्या टूथब्रशने आणि दात्यांच्या तळाशी लाकडी काडीने साफ करायचे. धातूची टोकदार वस्तू गिअरला लावायची नाही. फायबरचे, चामड्याचे, प्लॅस्टिकचे भाग या द्रावात बुडवायचे नाहीत. ते कोमट साबणपाण्यात. ग्रीस उतरत जातं आणि खालून पितळ दिसायला लागतं तेव्हा मी हात आखडता घेते. पितळेवरचा मंद तपकिरी रंग म्हणजे मळ नाही, तो हवेने धरलेला पातळ थर आहे आणि तो खालच्या धातूला राखतो. हिरवा गंज असेल तर तो मात्र काढायचा, कारण तो खातो. तपकिरी राहू द्यायचा आणि हिरवा काढायचा, एवढा फरक डोळ्याला शिकवला की पॉलिशच्या डबीची गरज उरत नाही.

या मिचेलमध्ये स्पूल पुढे-मागे करणारी रचना ग्रहमालेच्या धर्तीची आहे. कंपनीने तिला प्लॅनामॅटिक असं नाव दिलं होतं. एक लहान चाक स्वतःभोवती फिरता फिरता दुसऱ्याभोवतीही फिरतं, त्यामुळे लाइनची वेटोळी एकावर एक सरळ न बसता तिरकी, फुली मारत बसतात. सरळ बसलेली वेटोळी मासा जोरात ओढायला लागला की एकमेकांत रुततात आणि पुढची फेक अडकते. तिरकी रुतत नाहीत. एवढ्यासाठी इतकी चाकं घालायची, आणि तीही अंगठ्याएवढ्या जागेत! साध्या खटक्यानेही काम भागलं असतं. दुसऱ्या कित्येक रिळांत ते भागवलेलंच आहे. स्वीडनच्या आबू कंपनीच्या कार्डिनल रिळांनी वेगळी वाट धरली. त्यांचं वर्म गिअर, म्हणजे स्क्रूच्या आट्यांसारखे दाते असलेलं गिअर, हाताला इतकं मऊ लागतं की त्याची चाहते मंडळी दुसरं रीळ हातात धरायला तयार नसतात. मला मिचेल आवडतं ते मऊपणासाठी नाही. ते थोडं खडखडतं. पण त्या खडखडाटातून आतलं कोणतं चाक कुठे आहे ते बोटांना कळत राहतं.

मोठ्या चाकाखाली मला एक चकती सापडली. कारखान्यातली नव्हे. कुणीतरी पातळ पितळी पत्र्यातून कात्रीने कापलेली, कडेला कात्रीचे बारीक टप्पे दिसणारी, मधलं भोक किंचित एका बाजूला सरकलेलं. माझा पहिला विचार ती काढून टाकण्याचा होता, कारण ती 'मूळची' नाही. मापली तर जेमतेम एक दशांश मिलिमीटर. ती न घालता रीळ जोडून पाहिलं. हँडल दोन्ही बाजूंना जरासं हललं आणि दाते दात्यांवर अलगद आपटल्याचा आवाज आला. चकती घातली, हलणं थांबलं, आणि फेरा एकसंध झाला. ज्याने ती कापली त्याला चाक नक्की किती झिजलंय हे बोटांनी कळलं होतं, आणि हाताशी असलेल्या पत्र्यातून त्याने तेवढंच भरून काढलं होतं. तो कोण, कुठला, मला माहीत नाही. ती चकती मी धुतली, तेलाचा हात फिरवला आणि होती त्याच बाजूने परत ठेवली. कारखान्यातून आलं तेच मूळ आणि बाकीची भेसळ, असं मानलं तर हे काम पुसावं लागलं असतं. माझ्या लेखी तेही या रिळाचंच आहे.

कमानीची स्प्रिंग मात्र तुटलेली होती. स्पिनिंग रिळात सर्वांत आधी जातं ते हेच. प्रत्येक फेकीला ती एकदा ताणली जाते आणि एकदा सुटते, आणि अशा हजारो खेपांनंतर तार वाकते तिथेच थकून तुटते. नवी स्प्रिंग मिळते तिथे घ्यावी. मिळाली नाही तर पियानोच्या तारेची वळता येते. तार ज्या दांडीवर वळायची ती हव्या त्या आतल्या मापापेक्षा बारीक घ्यावी लागते, कारण हात सोडला की वेटोळं थोडं उलगडतं. आणि वळण्याची दिशा चुकवायची नाही. कमान उघडताना वेटोळं आवळलं गेलं पाहिजे. उलटं वळलं तर दर खेपेला ते उलगडत जातं आणि लवकर मोडतं. टोकाचा आकडा गोल तोंडाच्या चिमट्याने वळवायचा, धारदार पकडीने नाही. पकडीचा एक ओरखडा पुरे, तडा तिथूनच सुरू होतो. वळून झाल्यावर स्प्रिंग अर्धा तास अडीचशे अंशांच्या आसपास तापवली की तारेत कोंडलेला ताण उतरतो आणि ती आपला आकार धरून राहते.

कमानीच्या कोपऱ्यातला रोलर बघणं लोक विसरतात. सगळी लाइन त्यावरून जाते, तो फिरायला हवा. अडकला तर नायलॉन एकाच जागी घासतं आणि तिथे धातूला चर पडते. डोळ्याला ती दिसत नाही. कापसाचा पुंजका त्यावरून फिरवायचा. धागे अडकले तर चर आहे. स्पूलच्या कडेलाही हीच परीक्षा. कडेवरचा बारीक टवका अगदी बारीक पॉलिश-पेपरने गुळगुळीत करता येतो. रोलरची चर खोल असेल तर रोलर बदलावा. इथे जुनेपणाचा मान राखण्यात अर्थ नाही, कारण ती चर लाइन कापते.

ड्रॅग म्हणजे मासा जोरात ओढायला लागला की लाइन थोडी थोडी सुटू देणारा ब्रेक. त्याबद्दल थोडं सविस्तर, कारण रिळात मासा आणि माणूस यांची खरी गाठ तिथे पडते. स्पूलच्या आत वॉशरची चळत असते. काही धातूच्या वॉशरांना बाहेर कान असतात, ते स्पूलच्या खाचेत बसतात आणि स्पूलबरोबर फिरतात. काहींचं भोक गोल नसतं, ते मधल्या दांड्याला धरून स्थिर राहतात. या दोघांच्या मधे घर्षणाचे वॉशर: चामड्याचे, फेल्टचे, फायबरचे किंवा टेफ्लॉनचे. वरची चाकी आवळली की चळत दाबली जाते. क्रम चुकला आणि एका जातीचे दोन धातूचे वॉशर शेजारी आले तर त्या जागेचं घर्षण फुकट गेलं. टेफ्लॉन कोरडंच ठेवायचं. चामडं आणि फेल्ट मात्र कोरडं पडलं की धरतं, सुटतं, पुन्हा धरतं. त्यांना थोडं तेल पाजून जादाचं टिपून घ्यायचं. चांगल्या ड्रॅगची खूण घट्टपणा नाही. थांबलेलं स्पूल सुरू व्हायला लागणारा जोर आणि ते फिरत राहायला लागणारा जोर यांत फरक जितका कमी तितका ड्रॅग चांगला. मासा पहिला झटका देतो तेव्हा लाइन तुटते ती या फरकामुळेच. लाइनच्या ताकदीच्या पाव ते एक तृतीयांश इतका ड्रॅग लावावा. चार किलोची लाइन असेल तर स्प्रिंगच्या काट्यावर एक ते सव्वा किलो. आणि रीळ ठेवून देताना चाकी सैल करावी, नाहीतर मऊ वॉशर चपटे होऊन बसतात.

रंग मी जसाच्या तसा ठेवला. पायापाशी, जिथे दोन बोटांच्या बेचक्यात रीळ धरतात, तिथला काळा रंग पूर्ण उडालाय आणि धातू हाताने घासून घासून मऊ झालाय. नव्या रंगाखाली हे गाडायचं कारण मला तरी दिसत नाही. जिथे रंग उडून उघडा धातू खाऱ्या हवेत राहणार, तिथे मेणाचा पातळ हात दिला की काम झालं.

जोडणी उलट क्रमाने. दात्यांना ग्रीस, पण थोडं. दात्यांच्या फटी भरायच्या नाहीत, पातळ थर पुरतो, बाकीचं फेकलं जाऊन भिंतीला चिकटतं आणि कालांतराने तेच वाळतं. बेअरिंग, हँडलची मूठ, रोलर यांना तेल, एकेक थेंब. मग लाइन भरायची ती ओल्या कापडातून ताणून, स्पूलच्या कडेपासून दोन-तीन मिलिमीटर खालपर्यंत. कमी भरली तर कडेवर घासून फेक आखूड पडते, जास्त भरली तर वेटोळी आपसूक गळून पडतात. वापरताना एक पथ्य: ड्रॅग घसरत असताना हँडल फिरवत राहू नये. लाइन आत येत नसते, आणि हँडलच्या प्रत्येक फेऱ्याला रोटरच्या, म्हणजे कमान घेऊन स्पूलभोवती फिरणाऱ्या भागाच्या, जितक्या फेऱ्या होतात तितके पीळ लाइनला पडत जातात. लाइन गुंतली म्हणून रिळाला दोष देणाऱ्यांच्या गुंत्याचं मूळ बऱ्याचदा इथे असतं.

रिळाच्या डब्यात मी नेहमी एक कागद ठेवते. या वेळी त्यावर लिहिलंय: मोठ्या चाकाखालची पितळी चकती काढू नये, ती लागते. कमानीची स्प्रिंग नवी वळलेली आहे, तुटलेली पुडीत ठेवली आहे, मापासाठी. ड्रॅगचे वॉशर चामड्याचे, मूळचेच, तेल पाजलेले. बाजूच्या झाकणाचा मागचा स्क्रू तापवून काढलाय, आट्यांना आता ग्रीस आहे, पुढच्या वेळी जोर लावू नये. लाइन रोलर बदललाय, दर मोसमाला एक थेंब तेल.